परत पाठवायचा अधिकार त्यांना नाही

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून आलेलं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

‘ताई, माझं वय ६९. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. यजमान गेल्यावर मुलाने स्पॉन्सर करून इथे आणलं, त्याला चार वर्षं झाली. माझ्याकडे पी.आर. आहे. सून रात्रपाळी करते, मुलगा सकाळी सहाला बाहेर पडतो. तीन आणि सहा वर्षांची नातवंडं मीच बघते, स्वयंपाकही माझ्याकडेच. मुलगा वाईट नाही. पण माझा पासपोर्ट आणि पेन्शनच्या खात्याचं एटीएम कार्ड त्याच्याकडे असतं. आता वाईचं घर विकायला कुलमुखत्यारपत्र दे म्हणतो. मी दोन दिवस गप्प राहिले, तर सून म्हणाली, “जमत नसेल तर स्पॉन्सरशिप रद्द करू, परत जा.” इंग्रजी येत नाही, बाहेर कुणाशी बोलणं नाही. शेजारच्या पंजाबी बाईच्या फोनवरून हे पाठवते आहे. आमच्यासारख्या बायकांना जाऊन बसता येईल, चार शब्द बोलता येतील असं इथे काही आहे का? मुलाची बदनामी मात्र व्हायला नको.’

नमस्कार बाई,

आयुष्यभर वर्गावर उभ्या राहिलेल्या तुम्हाला मी बाईच म्हणणार.

तुम्ही विचारलंत ते शेवटच्या दोन ओळींत, पण उत्तराची सुरुवात मला सुनेच्या त्या वाक्यापासून करायची आहे. ते वाक्य खोटं आहे. तुम्ही कॅनडाच्या कायम रहिवासी, म्हणजेच पी.आर., आहात. एकदा हा दर्जा मिळाला की स्पॉन्सर करणाऱ्याला तो काढून घेता येत नाही. मुलाने रागाने सरकारला पत्र लिहिलं, तुम्ही उद्या त्याच्या घरातून बाहेर पडलात किंवा दोघांत अबोला झाला, तरी तुमचा दर्जा तसाच राहतो. उलट तुम्हाला आणताना तुमच्या मुलाने सरकारला लेखी हमी दिली आहे. आईवडिलांच्या बाबतीत ती २० वर्षांची असते, क्वेबेक प्रांतात १० वर्षांची. तुमचं अन्न, वस्त्र, निवारा आणि सरकारी विम्यात न बसणारी दातांची, डोळ्यांची गरज भागवीन असं त्यात लिहिलेलं असतं. ही हमी मध्येच मोडता येत नाही. त्या कागदाने बांधला गेलाय तो मुलगा, तुम्ही नाही.

हे आधी सांगितलं, कारण ही एक भीती मनात असली की पुढचं काहीच ऐकू येत नाही. इथे येणाऱ्या कितीतरी बायकांना ‘परत पाठवू’ एवढं सांगून गप्प बसवलं जातं, सासूलाही आणि सुनेलाही. २०१२ ते २०१७ या काळात नव्याने स्पॉन्सर होऊन आलेल्या काही जोडीदारांना दोन वर्षं एकत्र राहण्याची अट होती. बायकांच्या संस्थांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला आणि एप्रिल २०१७ मध्ये ती रद्द झाली. ती अट आईवडिलांना तेव्हाही नव्हती. पण तिचा धाक आपल्या समाजात अजून फिरतो आहे आणि लोक तो सोयीने वापरतात.

आता तुमचा प्रश्न. हो, आहे. आणि ब्रॅम्प्टनमध्ये तर भरपूर आहे. २०२१ च्या जनगणनेत या शहराच्या साडेसहा लाख लोकांपैकी निम्म्याहून जास्त दक्षिण आशियाई होते. तुमच्या गल्लीतल्या दर दुसऱ्या घरात एक आजी असेल, तीही खिडकीतून बाहेर बघत असेल.

सुरुवात करा २११ या नंबरपासून. तुमच्या ऑन्टारिओ प्रांतात कुठूनही, कुठल्याही फोनवरून हे तीन आकडे फिरवले की सामाजिक सेवांची माहिती देणारं माणूस बोलतं. फोन फुकट, नाव सांगायची सक्ती नाही आणि दीडशेहून जास्त भाषांत दुभाष्याची सोय आहे. फोन उचलल्यावर एवढंच म्हणा: ‘मराठी इंटरप्रिटर प्लीज.’ मराठीला वेळ लागला तर हिंदी मागा. शिक्षिका होतात, हिंदी तुम्हाला येतंच. मग सांगा की मी ब्रॅम्प्टनमध्ये राहते, ६९ वर्षांची आहे, मला दक्षिण आशियाई ज्येष्ठांचा गट हवा आहे. घराजवळचा पत्ता आणि दिवस ते सांगतील.

त्यात दोन नावं बहुतेक येतील, ती आधीच कानावर घालते. एक इंडस कम्युनिटी सर्व्हिसेस. ही १९८५ साली इंडिया रेनबो या नावाने सुरू झाली. दुसरी पंजाबी कम्युनिटी हेल्थ सर्व्हिसेस. नावात पंजाबी असलं तरी दार सगळ्यांना उघडं आहे. या संस्थांत ज्येष्ठांचे गट चालतात, नव्याने आलेल्यांना कागदपत्रांची मदत मिळते आणि घरातल्या ताणावर बोलायला समुपदेशक असतात. चहा होतो, व्यायाम होतो, कुणीतरी भजन म्हणतं. मराठी माणूस तिथे कमी भेटेल, हे खरं. पण पंजाबी, गुजराती, उर्दू बोलणाऱ्या बायकांत बसल्यावर भाषेची अडचण फार दिवस राहत नाही. पत्र पाठवायला तुम्हाला फोन कुणी दिला, ते तुम्हीच लिहिलंय.

मुलाच्या बदनामीची चिंता मी हलकी मानत नाही. घरचं चव्हाट्यावर नेऊ नये हे आपल्या पिढ्यांना दुधाबरोबर पाजलं गेलंय. म्हणून नीट सांगते. ज्येष्ठांच्या गटात जाणं ही तक्रार नसते. तिथे कुणी घरची चौकशी करायला बसलेलं नसतं. समुपदेशकाशी वेगळं बोलायचं ठरवलंत तरी तुमच्या संमतीशिवाय ती मुलाला फोन करणार नाही. स्वतःच्या किंवा मुलाच्या घरात राहणाऱ्या प्रौढ माणसाबद्दल पोलिसांना कळवलंच पाहिजे असं बंधन ऑन्टारिओत नाही. जीवाला धोका असेल किंवा लहान मुलांना इजा होत असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या पत्रात तसं काही मला दिसत नाही. काय करायचं आणि किती करायचं, हे ठरवणाऱ्या तुम्हीच.

या संस्था कुणी गोऱ्या साहेबांनी दयेपोटी काढलेल्या नाहीत. टोरंटोचं साउथ एशियन विमेन्स सेंटर १९८२ चं. न्यू जर्सीतली मानवी १९८५ ची, न्यूयॉर्कची सखी १९८९ ची, लंडनच्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्स तर १९७९ पासून आहेत. आपल्यासारख्याच बायकांनी, दुसऱ्या बाईला तिच्या भाषेत ऐकून घेणारं कुणी नाही हे बघून, त्या उभ्या केल्या. तिथे जाताना उपकार घेतल्यासारखं वाटून घेऊ नका.

बाहेर पडायचं कसं, हा खरा पेच आहे. इंग्रजीपेक्षा तो मोठा. दिवसभर तीन वर्षांचं पोर अंगावर असताना तुम्ही निघणार कशा? इथे मला तुमच्या सुनेबद्दलही बोललं पाहिजे. रात्रभर काम करून सकाळी घरी येणारी, झोप अर्धवट, हप्ते डोक्यावर, अशी ती मुलगी. तिच्या तोंडून निघालेलं वाक्य वाईटच होतं, पण तीही या देशात एकटीच असावी असा माझा अंदाज आहे. सरकारी योजनेत असलेल्या पाळणाघरांत सहा वर्षांखालच्या मुलासाठी दिवसाला जास्तीत जास्त २२ डॉलर घेतात, २०२५ च्या जानेवारीपासून हा दर आहे. पूर्वी याच्या कितीतरी पट पडायचे. अडचण जागेची आहे, प्रतीक्षायादी लांब असते. तरी धाकट्याचं नाव आज घाला म्हणावं. आणि तोवर आठवड्यातली एक सकाळ तुमची. ‘मंगळवारी दहा ते एक मी घरी नाही,’ असं साध्या आवाजात सांगा, परवानगी मागितल्यासारखं नको. जेवण करून ठेवायची गरज नाही. पहिल्या मंगळवारी घर थोडं कोलमडेल. कोलमडू दे.

जायची सोय आहे. ब्रॅम्प्टनमध्ये राहणाऱ्या ६५ वर्षांवरच्या माणसाला शहराची बस फुकट आहे, त्यासाठी ज्येष्ठांचं ओळखपत्र काढावं लागतं. पहिल्यांदा शेजारच्या त्या बाईंना सोबत घ्या. गटाचा दिवस नसेल तेव्हा वाचनालयात जा. तिथे ऊब असते, स्वच्छतागृह असतं आणि कितीही वेळ बसलं तरी कुणी काही विकत घ्या म्हणत नाही. थंडीत उद्यानातले बाक रिकामे होतात, तेव्हा या गोष्टींचं मोल कळतं. बर्फात घसरून खुब्याचं हाड मोडणं हे आपल्या वयाच्या बायकांचं मोठं दुखणं आहे, म्हणून पकड असलेले बूट मुलाकडून आधी घ्या. हा खर्च त्याच्या हमीतच बसतो.

इंग्रजीचंही बघू. कायम रहिवाशांसाठी केंद्र सरकारचे लिंक नावाचे मोफत वर्ग असतात. वयाची वरची मर्यादा नाही. आधी एक छोटी चाचणी घेऊन कुठल्या पायरीवर बसवायचं ते ठरवतात, काही ठिकाणी लहान मुलांना सांभाळायचीही सोय असते. तुम्ही पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकवलीत, शिकणं म्हणजे काय हे तुम्हाला कुणी सांगायला नको. आणि नागरिकत्वाचा अर्ज कधी करावासा वाटला तर ५५ वर्षांवरच्यांना भाषेची आणि ज्ञानाची परीक्षा माफ आहे. तसं केलं तर भारताचं नागरिकत्व सोडावं लागतं, तेव्हा घाई नको.

आता ज्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, तिथे मी थांबणार आहे. पासपोर्ट, एटीएम कार्ड, कुलमुखत्यारपत्र.

मुलगा वाईट नाही, हे मी मान्य करते. तरीही दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवून घेणं आणि दुसऱ्याच्या पेन्शनचं कार्ड वापरणं याला इथे ज्येष्ठांचा आर्थिक छळ म्हणतात. आपल्याकडे ते ‘आईला काय कळतंय बँकेतलं’ म्हणून खपून जातं. तुम्हाला आज त्याला छळ म्हणायची गरज नाही. कागद मात्र परत घ्यायचे. एकदा जेवण झाल्यावर, कुणी घाईत नसताना, मुलाला म्हणा: ‘माझा पासपोर्ट, पी.आर. कार्ड आणि हेल्थ कार्ड माझ्या कपाटात असू दे. डॉक्टरांकडे, बसच्या कार्डाला लागतात.’ हे खरंच आहे, यात आरोप नाही. दिले तर उत्तम. टाळाटाळ झाली, चिडचिड झाली, तर ती माहिती तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. तेव्हा ऑन्टारिओची ज्येष्ठांसाठीची सेफ्टी लाइन आहे, १-८६६-२९९-१०११, तिथे बोला. हा फोनही फुकट आणि तिथेही दुभाषी मागता येतो.

पेन्शन तुमची आहे. इथल्या एखाद्या बँकेत फक्त तुमच्या नावाचं खातं उघडा, त्याला पैसे असावे लागत नाहीत, ओळखपत्रं लागतात. गावच्या बँकेला तुम्ही परदेशी राहता हे कळवून ते खातं एन.आर.ओ., म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं, करून घ्यावं लागतं, ते केलंय का तेही विचारा. आणि उत्पन्न कमी असलं तरी दरवर्षी इथला टॅक्स भरायचा अर्ज तुमच्या नावाने गेला पाहिजे, पेन्शन त्यात दाखवून. मार्च-एप्रिलमध्ये स्वयंसेवक तो मोफत भरून देतात, इंडससारख्या संस्थांत किंवा २११ वर चौकशी करा. तो अर्ज गेला की कमी उत्पन्नाच्या माणसाला मिळणारे छोटे सरकारी पैसे तुमच्या खात्यात येऊ शकतात, दातांच्या सरकारी योजनेलाही तो लागतो. औषधांचं वेगळं: हेल्थ कार्ड असलेल्या ६५ वर्षांवरच्यांना ऑन्टारिओची औषध योजना आपोआप लागू होते. तुम्ही रक्तदाबाच्या गोळ्या साताऱ्याहून मागवत असाल तर फार्मसीत हेल्थ कार्ड दाखवून बघा. डॉक्टरांकडे गेलात की दहा मिनिटं एकटीने बोलायला मागा. सहा वर्षांच्या नातवाला दुभाषी करून आपली दुखणी सांगू नका, त्याच्यावर तो भार नको.

कुलमुखत्यारपत्रावर सही करू नका.

निदान आत्ता नाही, आणि स्वतःच्या वकिलाशी बोलल्याशिवाय तर नाहीच. कुलमुखत्यारपत्राने घर विकायचा, पैसे घेण्याचा अधिकार मुलाच्या हातात जातो आणि तुम्ही इथे बसून ते बघत राहता. वाईचं घर हा तुमचा शेवटचा स्वतंत्र आधार आहे. ते विकायचं की नाही, हा निर्णय तुमचा. विकायचंच ठरलं तर फक्त त्या एका व्यवहारापुरतं मर्यादित मुखत्यारपत्र करता येतं आणि पैसे तुमच्याच खात्यात यावेत अशी अट घालता येते. भारतातल्या मालमत्तेसाठीच्या कागदावर इथे सही केली तर ती आधी अधिकृतपणे साक्षांकित करून घ्यावी लागते, म्हणजे कुणी घाई केली तरी तुमच्यासमोर विचार करायला एक दार शिल्लक आहे. घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने द्यायचं असेल तर सांभाळ करण्याची अट त्या कागदातच लिहून घ्या. भारताच्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ अशा अटीवर उभं आहे. अट मोडली तर दिलेलं परत मागता येतं. तोंडी वचनावर मागणं फार कठीण जातं.

ऑन्टारिओतही मालमत्तेचं पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, म्हणजे इथलं मुखत्यारपत्र, असतं. त्यात वेगळं काही लिहिलं नसेल तर ते सही केल्या क्षणापासून लागू होतं, तुम्ही आजारी पडायची वाट बघत नाही. आधीच कुठे सही केली असेल तर घाबरू नका. तुमची बुद्धी शाबूत असेपर्यंत दोन साक्षीदारांसमोर लिहून ते रद्द करता येतं. फुकट वकील हवा तर टोरंटोत दोन ठिकाणं आहेत: ज्येष्ठांसाठी अ‍ॅडव्होकसी सेंटर फॉर द एल्डरली आणि आपल्या लोकांसाठी साउथ एशियन लीगल क्लिनिक ऑफ ऑन्टारिओ. दोन्ही कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी आहेत. गाडीने जायची गरज पडेलच असं नाही, आधी फोन करा.

घर विकू नका म्हणताना माझ्या मनात आणखी एक गोष्ट आहे. तुम्हाला दोन्हीकडे राहता येतं. कायम रहिवाशाने पाच वर्षांत मिळून ७३० दिवस कॅनडात काढले की दर्जा टिकतो. ऑन्टारिओचा आरोग्य विमा टिकवायला कुठल्याही बारा महिन्यांत १५३ दिवस प्रांतात असावं लागतं. म्हणजे इथली थंडी सुरू झाली की वाईला जाऊन कृष्णेच्या घाटावर चार महिने काढून तुम्ही एप्रिलमध्ये परत येऊ शकता. परत येताना विमानात बसायला पी.आर. कार्ड लागतं, त्याची मुदत बघून निघायचं. नातवंडांचं काय, हा प्रश्न उरतो, पण तो त्यांच्या आईवडिलांनी सोडवायचा आहे. तुम्ही त्यांना चार वर्षं दिलीत.

मंडळाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणेल, ‘महाराष्ट्र मंडळात का नाही गेल्या?’ टोरंटोच्या मराठी भाषिक मंडळात जरूर जा. गणपतीत, हळदीकुंकवात आपली भाषा कानावर पडली की बरं वाटतं. पण ज्या जागी मुलगा, सून आणि त्यांचे मित्र सगळे येतात, तिथे हा विषय काढणं तुम्हाला जड जाईल, आणि ते योग्यच आहे. माझी मंडळवाल्यांना कळकळीची विनंती आहे: दर कार्यक्रमाच्या पत्रकावर खाली २११ आणि सेफ्टी लाइनचा नंबर छापा, बायकांच्या स्वच्छतागृहात चिकटवा. कार्यक्रमाला आजींना गाडीने आणायची-सोडायची जबाबदारी मुलांवर न टाकता मंडळाने घ्यावी. खर्च पेट्रोलचा.

अमेरिकेतून वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की तिथे नियम वेगळे आहेत. तिथेही २११ बहुतेक ठिकाणी चालतं, साठीपुढच्यांसाठी एल्डरकेअर लोकेटर १-८००-६७७-१११६ वर जवळची सेवा कळते. आणि अमेरिकन नागरिक असलेला प्रौढ मुलगा किंवा मुलगी छळ करत असेल तर आई किंवा वडिलांना त्यांच्या मदतीशिवाय, त्यांना न कळवता स्वतःचा अर्ज करायची तरतूद तिथल्या कायद्यात आहे. त्यासाठी मानवी, सखी, कॅलिफोर्नियातली मैत्री अशा संस्थांशी आधी बोला.

बाई, हे सगळं एका आठवड्यात करायचं नाही. पण एक गोष्ट थांबणार नाही. पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो, आणि गेली चार वर्षं तो मुलानेच केला असेल. या वर्षी तो तुम्ही करा. टोरंटोचा भारतीय वाणिज्य दूतावास हे दाखले देतो आणि नोव्हेंबरच्या सुमाराला देवळांत, गुरुद्वारांत त्यासाठी शिबिरंही भरवतो. तिथे पासपोर्ट आणि पेन्शनचे कागद लागतात. म्हणजे ते मागायला तुम्हाला ठोस कारणही मिळालं. तारीख आणि जागा शेजारच्या बाईंना विचारा. त्यांच्या घरात पेन्शनवाला कुणी असेल तर त्यांना माहीत असेलच, आणि तुम्ही दोघी एकाच बसने जाऊ शकाल.